जुन्या चित्ररिळांची शुश्रूषा

जुन्या फिल्मचा डबा उघडताच तिची पहिली परीक्षा नाकाने करावी. व्हिनेगरसारखा उग्र आंबट दर्प आला, तर रिळाच्या अ‍ॅसेटेटच्या आधारपट्टीचे विघटन सुरू झाले आहे असे निश्चित समजावे, आणि कापड किंवा औषध हाती घेण्यापूर्वी ते रीळ इतरांपासून विलग करावे. कारण पट्टीतून सुटणारे अ‍ॅसेटिक आम्ल त्याच पट्टीचे विघटन अधिक वेगाने घडवून आणते, बंद डब्यात कोंडले गेले की त्याचा जोर वाढतो, आणि शेजारच्या निरोगी रिळांनाही त्याची बाधा होते. ही क्रिया उलटवण्याचा उपाय अद्याप नाही. फक्त तिची गती मंद करता येते.

हौशी मंडळींनी मुंजी, लग्ने आणि सहली ज्यांवर टिपून ठेवल्या, त्या १९२३ सालच्या १६ मिलिमीटरच्या, १९३२ सालच्या ८ मिलिमीटरच्या आणि १९६५ साली आलेल्या सुपर एटच्या बहुतेक फिल्मा याच अ‍ॅसेटेटच्या पट्टीवर आहेत, आणि गणेशोत्सवात गल्लीत पांढरा पडदा बांधून जी १६ मिलिमीटरची चित्रे दाखवली जात, त्यांच्या प्रतीही याच जातीच्या. पट्टीवर जिलेटिनचा पातळ थर असतो आणि त्या थरात चांदीच्या कणांनी किंवा रंगद्रव्यांनी चित्र धरलेले असते. जिलेटिन प्राणिजन्य असल्यामुळे बुरशीला ते उत्तम अन्न आहे, आणि कोकणातल्या किंवा मुंबईच्या पावसाळी हवेत ते तिला अनायासे मिळते.

यांहून अगदी वेगळी, आणि घरात क्षणभरही हयगय करू नये अशी जात म्हणजे नायट्रेटची. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ३५ मिलिमीटरच्या चित्रपटांसाठी तिचा सर्रास उपयोग होई. जळताना ती स्वतःच प्राणवायू निर्माण करते, त्यामुळे पाण्यानेही विझत नाही. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात लागलेल्या आगीत अशी कितीतरी अमोल रिळे भस्मसात झाली. फिल्मच्या कडेला रोमन लिपीत 'सेफ्टी' हा शब्द आढळला नाही आणि ती जुनी, ३५ मिलिमीटरची असली, तर पुसण्याच्या भरीस न पडता तिला उष्णतेपासून दूर ठेवावे, आणि ती हवाली करण्याबाबत १९६४ साली पुण्यात स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाशी आधी पत्रव्यवहार करावा.

आता सफाईचा तपशील. रीळ 'चालते का ते पाहू' म्हणून आधी प्रोजेक्टरवर चढवण्याचा मोह सर्वांनाच होतो, आणि जेवढा नाश बुरशीने केला नसेल तेवढा या मोहाने घडवला आहे. जुनी फिल्म आकसलेली असते. त्याच मापाच्या नव्या फिल्मशेजारी ती ठेवून छिद्रे मोजावीत. १०० छिद्रांत एका छिद्राचा फरक पडला, तर आकुंचन १ टक्का झाले असे धरून ती यंत्रात घालू नये. तिला हाताने फिरवायच्या दोन रिवाइंडरांवर, पांढरे कापड अंथरलेल्या मेजावर, सुती हातमोजे घालून आणि केवळ कडांना स्पर्श करीत सावकाश उलगडावे. सुटलेले जोड आणि फाटलेली छिद्रे तेव्हाच ध्यानी येतात. मग तंतू न सोडणाऱ्या मऊ सुती कापडाची किंवा मखमलीची घडी करून तीमधून फिल्म अलगद ओढावी, आणि घडी वारंवार बदलावी. १६ मिलिमीटरच्या ४०० फुटांच्या रिळात १६,००० चित्रे असतात. कापडात अडकलेला वाळूचा एकच कण त्या साऱ्यांवर एक सलग ओरखडा उमटवू शकतो. बहुतेक रिळांना एवढी कोरडी सफाई पुरते, आणि पुरली तर तिथेच थांबावे, असे माझे ठाम मत आहे.

तेलकट डाग राहिलेच, तर ९९ टक्के शुद्धतेचे आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्यावे. औषधाच्या दुकानात सहज मिळणाऱ्या ७० टक्क्यांच्या द्रवात पाणी असते, ते चालणार नाही. आधी शेवटच्या कोऱ्या तुकड्यावर प्रयोग करावा, कापड नुसते ओलसर करावे, आणि फिल्म दुसऱ्या रिळावर गुंडाळली जाण्याआधी पूर्ण सुकेल इतक्या संथ गतीने फिरवावी. खिडक्या उघड्या आणि देवापुढचा दिवासुद्धा विझलेला असावा. चिकटपट्टीचे जोड त्यातून वाचवावेत, आणि कडेला ध्वनीची चुंबकीय पट्टी असलेल्या फिल्मला हा द्रव लावूच नये. जुन्या पुस्तकांतून शिफारस केलेले कार्बन टेट्राक्लोराइड यकृत आणि मूत्रपिंडांना घातक आहे. त्याचे नावही काढू नये. पाणी तर सर्वस्वी वर्ज्य, आणि बुरशी लागलेल्या फिल्मला विशेषेकरून. कारण बुरशीने पचवलेले जिलेटिन पाण्यात विरघळते आणि डागाबरोबर चित्रही वाहून जाते. अशी फिल्म कोरड्या, वाहत्या हवेत सुकवून, नाकातोंडावर मास्क बांधून, मऊ कुंचल्याने घराबाहेर झटकावी. निळसर छटा उडून गुलाबी पडलेल्या रंगीत प्रतीला मात्र कोणतीच सफाई उजाळा देत नाही. रंगद्रव्यच गेलेले असते.

खरी जपणूक सफाईनंतर सुरू होते. रबरबँड काढून टाकावेत, गंजलेले डबे बदलावेत, आणि रिळे हवा खेळेल अशा पॉलिप्रॉपिलीनच्या डब्यांत, उभी न ठेवता आडवी ठेवावीत. माळा उन्हाने तापतो आणि स्वयंपाकघरालगतची भिंत दमट असते. आतल्या खोलीतले थंड कपाट उत्तम. २१ अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रता सतत राखली, तरी ताज्या अ‍ॅसेटेट फिल्मला विघटनाचा दर्प येण्यास सुमारे ४० वर्षे लागतात असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. आपल्या हवेत ही मुदत किती घटत असेल हे सांगायला नको. डिजिटल प्रत अवश्य करून घ्यावी, परंतु तेवढ्यावर मूळ रीळ फेकून देऊ नये. आजच्यापेक्षा सरस यंत्र उद्या निघेल, आणि तेव्हा पुन्हा प्रत काढायला मूळच लागेल. चित्रातली माणसे, गाव, साल यांची नोंद घरातल्या वडीलधाऱ्यांकडून आताच करून घ्यावी, आणि तो कागद डब्याबाहेर ठेवावा. आत ठेवलेला कागद ओल धरतो.