खोलीचा स्वर आणि लाउडस्पीकरची निवड



न्हाणीघरात शिरल्यावर ज्याला गुणगुणावेसे वाटत नाही असा मनुष्य विरळा. एरवी ज्याच्या गळ्यातून एक सूर धड निघत नाही, तोही तेथे षड्ज लावतो आणि तो इतका भरदार लागतो की, क्षणभर आपण गवई झालो असे त्याला वाटते. ह्यात गळ्याचे कर्तृत्व थोडे. श्रेय भिंतींचे आहे. चार फूट रुंदीच्या न्हाणीघरात सेकंदाला सुमारे १४१ आंदोलनांचा स्वर आपोआप फुगतो. आणि काळी एक पट्टीतला पुरुषी षड्ज १३९ च्या घरात असतो. म्हणजे भिंती त्याला हात देतात. प्रत्येक बंदिस्त जागेला तिचे असे काही ठरावीक स्वर असतात. न्हाणीघरात ती मौज असते. परंतु ज्या खोलीत आपण मन लावून गाणे ऐकतो तेथे तोच गुण दोष होऊन बसतो. घरातील लहान खोलीसाठी उत्तम प्रतीचे लाउडस्पीकर कसे निवडावेत, हा आजचा विषय आहे, आणि त्याचे निम्मे मर्म ह्या एका गोष्टीत आहे.

ह्या विषयाकडे मी कसा वळलो ते आधी सांगतो. माझी मोठी बहीण, आम्ही तिला अक्का म्हणत असू, काळी पाचमध्ये गात असे. मैफली गाजवणारी ती नव्हे. घरच्या माणसांत, सणावारी गाणारी. तिच्या मुलाने तिचे गाणे फितीवर घेऊन ठेवले होते. अक्का गेल्यावर ते संगणकावर उतरवून घेतले आणि ते नीट ऐकता यावे म्हणून मी शिलकीतले पैसे काढून छातीएवढ्या उंचीचे, बारा इंची पडद्यांचे दोन लाउडस्पीकर घेतले. दुकानाच्या प्रशस्त दालनात ते फार सुरेख वाजले होते. घरी आणून माझ्या बारा फूट लांब, दहा फूट रुंद खोलीच्या दोन कोपऱ्यांत ते उभे केले, पाठीमागच्या भिंतीला खुर्ची टेकवली आणि ऐकू लागलो. तो काय? तंबोऱ्याचा खर्ज गों गों करून खोली भरून टाकतो आहे, डग्ग्याचा प्रत्येक ठोका पोटात बसतो आहे, आणि अक्काचा आवाज मात्र त्या गर्दीत हरवला आहे! बंदिशीचे शब्दसुद्धा कळेनात. पैसे गेल्याचे दुःख होतेच. पण ज्यासाठी खर्च केला तेच हाती लागले नाही ह्याचे अधिक.

दोष यंत्राचा नव्हता. दोष कोठे होता ते पाहू. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ११३२ फूट जातो. दहा फुटांवरच्या समोरासमोरच्या भिंतींत तो एक जाऊन-येऊन फेरी, म्हणजे वीस फूट, जितक्या वेळात करतो त्याच तालावर पुढचे आंदोलन आले, तर परतणारी लाट आणि नवी लाट एकमेकींना जोर देतात. ११३२ ला २० ने भागा; ५७ येतात. हा त्या रुंदीचा पहिला स्वर. त्याची दुप्पट ११३, तिप्पट १७०, असे पुढचे स्वर. बारा फूट लांबीचा पहिला स्वर ४७. आता माझ्या खोलीचे छतही दहा फुटांवर आहे. म्हणजे रुंदी आणि उंची दोन्ही एकाच स्वराला चेतवतात. लांबी, रुंदी व उंची तिन्ही सारख्या असलेली खोली गाण्याला सर्वांत वाईट, ती ह्याचमुळे.

अक्काच्या काळी पाचचा खर्ज म्हणजे सेकंदाला ११६ ते ११७ आंदोलने. उन्हाळ्यात हवा तापली की आवाजाचा वेग किंचित वाढतो आणि खोलीचा ११३ चा स्वर ११४-११५ वर सरकतो. म्हणजे तंबोऱ्याची खर्जाची तार आणि माझी खोली जवळजवळ एकाच सुरात लागल्या होत्या! मोठ्या सभागृहातही असे स्वर असतात. परंतु तेथे ते इतके खाली आणि इतके दाट असतात की कोणताही एक वेगळा उठून दिसत नाही. लहान खोलीत ते विरळ असतात आणि नेमके डग्ग्याच्या व खर्जाच्या प्रांतात पडतात.

ह्यावर कोणी म्हणेल, मग जाड पडदे लावा. खोलीतील घुमणाऱ्या आवाजाचा शास्त्रीय विचार प्रथम केला तो अमेरिकेत, हार्वर्ड विद्यापीठातील वॉलेस सेबाइन ह्या तरुण अध्यापकाने. १८९५ साली तेथील नव्या फॉग कलासंग्रहालयाचे व्याख्यानगृह असे निघाले की, वक्त्याचा शब्द पाच सेकंदांहून अधिक काळ रेंगाळे आणि पुढच्या शब्दांवर कोसळे. सेबाइनने रात्रीच्या शांततेत दुसऱ्या प्रेक्षागृहातील गाद्या आणून त्या थोड्या थोड्या पसरल्या आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजले. त्यातून नियम निघाला: घुमण्याचा काळ खोलीच्या घनफळाच्या सम प्रमाणात आणि शोषणाऱ्या वस्तूंच्या व्यस्त प्रमाणात असतो. आपल्या फरशीच्या आणि गिलाव्याच्या खोल्यांत सतरंजी, गादी, पडदे, पुस्तकांचे उघडे कपाट ह्यांचा उपयोग आहे, तो ह्या नियमाने. परंतु ही औषधे मधल्या आणि वरच्या स्वरांवर चालतात. ५७ आंदोलनांच्या स्वराची लाट वीस फूट लांब असते. तिला चांगलेसे शोषायचे तर मऊ थर तिच्या चतुर्थांशाएवढा, म्हणजे पाच फूट जाड हवा. खोलीत मग आपण बसणार कोठे? खालच्या स्वरांसाठी खरा उपाय दोनच: योग्य आकाराचा लाउडस्पीकर आणि योग्य जागा.

आता लाउडस्पीकरकडे येऊ. आजचा बहुतेक प्रत्येक लाउडस्पीकर ज्या तत्त्वावर चालतो, म्हणजे चुंबकाच्या फटीत हलणारे वेटोळे आणि त्याला जोडलेला पडदा, त्याचे आधुनिक रूप राइस आणि केलॉग ह्या दोघा अमेरिकन अभियंत्यांनी १९२५ साली मांडले. १९५४ साली एडगर व्हिलचूर ह्यांनी पेटी हवाबंद करून आतल्या हवेचीच स्प्रिंग केली आणि पुस्तकांच्या फळीवर मावेल अशा पेटीतून खर्ज काढण्याची वाट मोकळी झाली. परंतु निसर्ग फुकट काही देत नाही. केएलएच कंपनीचे एक संस्थापक हॉफमन ह्यांच्या नावाने एक पोलादी नियम सांगतात: लहान पेटी, खोल खर्ज आणि थोड्या विजेत मोठा आवाज, ह्या तिन्ही गोष्टी एकत्र मिळत नाहीत. दोन घ्या, तिसरीवर पाणी सोडा.

लहान खोलीत कोणत्या गोष्टीवर पाणी सोडावे? ह्याचे उत्तम उदाहरण इंग्लंडच्या बीबीसीने घालून दिले आहे. बाहेरगावचे कार्यक्रम टिपायला जाणाऱ्या मोटारगाड्यांत स्टुडिओतले मोठे लाउडस्पीकर मावत नसत. म्हणून तिच्या अभियंत्यांनी १९७० च्या दशकात अवघी एक फूट उंचीची, सुमारे पाच लिटर पोकळीची पेटी तयार केली. तिचे नाव एलएस ३/५ए. भिंती पातळ प्लायवुडच्या, आतून दाबून धरणारे अस्तर लावलेल्या. दणक्याचा मोह त्यांनी सोडला. सत्तर-ऐंशी आंदोलनांच्या खाली ती हळूहळू गप्प होते, आणि एका वॅटला एक मीटरवर सुमारे ८२-८३ डेसिबल एवढाच आवाज देते. पण माणसाचा बोलण्याचा आवाज ती माणसासारखा ऐकवते. मोटारीत बसलेल्या अभियंत्याला नेमके तेच हवे होते. अनेक कंपन्यांनी परवाना घेऊन ती पेटी विकली, आणि निम्म्या शतकानंतरही जाणकार तिचे नाव काढतात.

आपल्याला हे पुरेल काय? आपले गाणे काय मागते ते पाहा. पाश्चात्त्य पियानोचा सर्वांत खालचा स्वर २७.५ आंदोलनांचा, मोठ्या ऑर्गनचा १६ च्या आसपास. आपल्याकडे काळी एकमध्ये लावलेल्या तंबोऱ्याचा खर्ज ६९ वर, स्त्रियांच्या तंबोऱ्याचा शंभराच्या पुढे. शिवाय चंद्रशेखर व्यंकट रामन ह्यांनी १९२० आणि १९२१ साली तबल्यावर व आपल्या तंतुवाद्यांवर निबंध लिहून दाखवले की, शाईमुळे तबल्याचे आणि जवारीमुळे तंबोऱ्याचे सौंदर्य त्यांच्या वरच्या स्वरमालेत आहे. मूळ स्वर थोडा क्षीण असला तरी वरच्या स्वरांवरून कान तो ओळखून घेतो. तात्पर्य, ज्याला ख्याल, नाट्यगीत, भावगीत ऐकायचे आहे त्याने ३० आंदोलनांच्या गडगडाटासाठी पैसे मोजू नयेत. तो गडगडाट लहान खोलीला झेपत नाही, आणि शेजाऱ्यांनाही नाही. ज्याला ऑर्गन किंवा चित्रपटातील स्फोट ऐकायचे असतील त्याची गोष्ट निराळी.

शक्तीविषयीही असाच भ्रम आहे. आवाज कानाला दुप्पट वाटायला वॅट सुमारे दहापट लागतात. पन्नासाचा ॲम्प्लिफायर शंभराचा केला तर तीनच डेसिबल वाढतात. सात-आठ फुटांवरून ऐकणाऱ्याला वॅटांची ही शर्यत निरर्थक आहे. १९५७ साली निघालेल्या क्वाडच्या विद्युत्स्थितिक लाउडस्पीकरची कीर्ती रास्त आहे. परंतु तो पुढे आणि मागे दोन्हीकडे सारखा वाजतो, आणि मागे मोकळी जागा मागतो. लहान खोलीत ती आणायची कोठून?

आता जागा. कोपरा हा खोलीच्या सर्व स्वरांना एकदम चेतवणारा बिंदू आहे. लाउडस्पीकर तेथे कधीही ठेवू नये. माझ्या दहा फूट रुंदीच्या खोलीत दोन पेट्या दोन्ही बाजूंच्या भिंतींपासून अडीच-अडीच फुटांवर ठेवल्या. अडीच का? ११३ च्या स्वराचा दाब भिंतीपासून रुंदीच्या चतुर्थांशावर शून्य असतो. तेथून तो स्वर चेततच नाही. दहा फूट उंचीलाही हाच हिशेब, म्हणून पेटीचा मोठा पडदा अडीच फुटांवर येईल अशा घोड्या सुताराकडून करून घेतल्या. रुंदीचा ५७ चा स्वर तर दोन्ही पेट्या सारख्या अंतरावर राहून एकमेकींच्या विरुद्ध ओढून निकामी करतात. खुर्ची दोहोंच्या मधोमध, पाठीमागच्या भिंतीपासून तीन-चार फूट पुढे घेतली; कारण भिंतीला टेकून बसणे म्हणजे प्रत्येक फुगवट्याच्या शिखरावर बसणे. जुन्या प्रचंड पेट्या ह्या जागी ठेवून पाहिल्या. बराच फरक पडला, पण त्या ठेवल्यावर खोलीत चालायला वाट उरेना, आणि लांबीचा ४७ चा घुमारा काही जाईना. त्या अर्ध्या किमतीत दिल्या आणि बीबीसीच्या त्याच कुळातली लहान जोडी आणली.

आपल्याला आकडेमोड नको असेल तर एक सोपी युक्ती सांगतो. पेटी खुर्चीवर ठेवा, डग्गा वाजता ठेवा, आणि आपण स्वतः भिंतीकडेने वाकून हिंडत ऐका. जेथे ठोका सर्वांत स्वच्छ ऐकू येईल तेथे पेटी न्या आणि खुर्चीवर आपण बसा. परिणाम तोच मिळतो. घरची मंडळी हसतील, त्यांना हसू द्या. बाजूच्या भिंतीवर एकाला आरसा सरकवायला सांगा. ज्या ठिकाणी आरशात पेटी दिसेल तेथे पुस्तकांचे कपाट किंवा जाड कापड असावे. आणि खरेदीपूर्वी पेट्या चार दिवस घरी आणून ऐकण्याची सोय मिळेल तेथेच व्यवहार करा. दोन जोड्या ताडून पाहताना आवाज सारखा ठेवा. जी थोडी मोठी वाजते ती कानाला उगाच चांगली वाटते. कसोटीला दुकानदाराची चकाकती तबकडी नको, आपल्या परिचयाचा माणसाचा आवाज घ्या.

माझी कसोटी अक्काची होती. नव्या जोडीवर पहिल्या संध्याकाळी तिचे गाणे लावले, तेव्हा तंबोरा तिच्या मागे जाऊन बसला आणि शब्द पुढे आले. अंतऱ्यापूर्वी ती श्वास घेते, तो ऐकू आला. घरात गाताना ती नेहमी असाच श्वास घेत असे, हे मी विसरून गेलो होतो. माझ्या भाच्याला बोलावून आणले. तो पुष्कळ वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "मामा, पुन्हा पहिल्यापासून लावा." आपल्यापैकी ज्यांच्या घरी अशा फिती असतील, त्यांनी बाजारात जाण्यापूर्वी मोजपट्टी घेऊन आधी आपली खोली मोजावी, एवढीच माझी विनंती आहे.