रेशनकार्ड बीडचं, उपचार पुण्यात

पुणे जिल्ह्यातल्या पारगावच्या भीमाशंकर साखर कारखान्याच्या ऊसतोडीला बीडहून आलेला कामगार कोयता लागून जखमी झाला किंवा त्याला हृदयविकार जडला, तर सरकारी आरोग्य योजनेचं अनुदान त्याच्या हाती पडत नाही. ते रुग्णालयाला मिळतं, तेही ठरावीक उपचाराच्या ठरावीक दराने. 2012 मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी योजना पुढे महात्मा फुले यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली आणि 2020 मध्ये केंद्राच्या आयुष्मान भारतशी जोडली गेली. योजना राज्यभर एकच असल्याने बीडचं रेशनकार्ड पुण्यातही चालतं.

जुलै 2023 च्या शासननिर्णयाने जास्त उत्पन्नाच्या कुटुंबांचं पांढरं रेशनकार्डही पात्र ठरवलं आणि कुटुंबाचं वार्षिक संरक्षण दीड लाखावरून पाच लाखांवर नेलं. श्रीमंतांना फुकट कशाला, हा आक्षेप रास्त वाटतो. पण कांद्याच्या भावावर हेलकावणारं शेतकऱ्याचं उत्पन्न दाखल्यात कसं मावणार? एका शस्त्रक्रियेने पांढरं कार्डही कर्जात जातं. खरी गाळणी वेगळीच आहे: रुग्णालय योजनेत हवं आणि उपचार यादीत हवा. बाह्यरुग्ण तपासणी आणि रोजच्या गोळ्यांचा खर्च मात्र बहुतांशी खिशातूनच जातो.