स्टिअरिंग नाही, तरी जागच्या जागी गिरकी!

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत गरवारे पॉइंटकडून आत वळलं, की माल उचलणाऱ्या यंत्रांची जत्राच लागते. फोर्कलिफ्ट, हायड्रा, पिवळेधमक जेसीबी. त्यात मधूनच एक बुटकं, आखूड, चार चाकांचं यंत्र दिसतं. ते शेडच्या दारातून आत शिरतं, दोन खांबांच्या मध्ये गर्रकन फिरतं आणि बकेटभर भंगार घेऊन बाहेर येतं. कंपनी कोणतीही असो, साइटवर त्याला सरसकट ‘बॉबकॅट’ म्हणतात. कागदोपत्री तो स्किड स्टिअर लोडर. त्याचं धाकटं भावंड म्हणजे कॉम्पॅक्ट युटिलिटी लोडर. रुंदी जेमतेम तीन फूट आणि ऑपरेटर मागच्या फळीवर उभा. २०२७च्या सिंहस्थासाठी नाशिकभर रस्त्यांची कामं निघाली आहेत. अशा कामांत मोठं यंत्र मावत नाही तिथे हे छोटे लोडर शिरतात. म्हणूनच त्यांच्या करामती आणि त्यांची नखरेल दुखणी माहीत असलेली बरी.

चाकं वळतच नाहीत

केबिनमध्ये गोल स्टिअरिंग शोधू नका, ते नाहीच. डावीकडच्या दोन चाकांना एक हायड्रॉलिक मोटर, उजवीकडच्या दोन चाकांना दुसरी. एक बाजू पुढे आणि दुसरी मागे सोडली, की यंत्र जागेवर गिरकी घेतं. रणगाडाही दोन बाजूंचे पट्टे कमी-जास्त वेगाने फिरवूनच वळतो. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात पट्टे जवळून पाहिले, तर हे तंत्र लगेच कळतं.

या गिरकीची किंमत टायर मोजतात. चाक वळत नाही, ते जमिनीवर घासत सरकतं. मातीत चालून जातं, पण काँक्रीटवर रबर झपाट्याने उडतं. जाणता ऑपरेटर म्हणूनच जागेवर गरगर फिरत नाही. थोडं पुढे, थोडं मागे घेत ऐसपैस वळतो. आणखी एक गंमत: बहुतेक मॉडेलांत एका बाजूची दोन्ही चाकं आतून साखळीने जोडलेली असतात. त्यामुळे पुढे नवा टायर आणि मागे झिजलेला असं चालत नाही. दोन्ही चाकांना फेरे सारखेच घ्यावे लागतात, घेर मात्र वेगळे. मग त्या ओढाताणीत साखळी ताणते. टायर बदलायचे तर एका बाजूची जोडी एकदम. हवासुद्धा सारखीच.

भंगाराच्या आवारात लोखंडाचे तुकडे आणि पत्र्याच्या कडा यांना तोटा नसतो. अशा जागी हवेच्या टायरऐवजी भरीव टायर घालतात. पंक्चरचा प्रश्न मिटतो, पण दणके थेट ऑपरेटरच्या पाठीत बसतात.

जन्म झाला टर्कीच्या खुराड्यात

हे यंत्र कुठल्या बड्या कारखान्यात नाही, कोंबडखताच्या उग्र वासात जन्मलं. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात रॉथसे नावाच्या खेड्यात लुईस आणि सिरिल या केलर बंधूंचं दुरुस्तीचं वर्कशॉप होतं. तिथल्या एका टर्कीपालकाची अडचण साधी होती. त्याचं खुराडं दुमजली, आत खांबांची दाटी. ट्रॅक्टर आत वळत नाही आणि वरच्या मजल्यावर त्याचं वजनही झेपत नाही. घाण काढायला माणसं मिळत नाहीत. केलर बंधूंनी त्याच्यासाठी तीन चाकांचा हलका लोडर बनवला, पुढे दोन चाकं आणि मागे एक फिरतं. १९५७च्या फेब्रुवारीत तो त्याच्या ताब्यात दिला.

त्यांचे एक काका मेलरो कंपनीच्या शेतीयंत्रांचे विक्रेते होते. त्यांच्यामुळे १९५८च्या मिनेसोटा राज्य जत्रेत मेलरोच्या स्टॉलवर हा लोडर मांडला गेला. शेतकऱ्यांची इतकी गर्दी झाली, की कंपनीने हक्क घेतले आणि दोघा भावांना कामावरही घेतलं. १९६०मध्ये मागच्या एका चाकाच्या जागी दोन आली आणि आजचा चारचाकी अवतार तयार झाला. ‘बॉबकॅट’ नाव मिळालं १९६२मध्ये. केलर बंधूंना अमेरिकेच्या नॅशनल इन्व्हेंटर्स हॉल ऑफ फेममध्ये मानाचं स्थान मिळालं ते थेट २०२३ साली!

आपल्याकडे ही कहाणी मुळीच परकी वाटत नाही. नाशिक जिल्ह्यात पोल्ट्र्या भरपूर, आणि त्यांचं कोंबडखत द्राक्षबागांना हवंच असतं. शेडमध्ये पाटी-फावड्याने गादी उकरणाऱ्या बाया-माणसांच्या नाकातोंडात जाणारी धूळ आणि अमोनिया पाहिला, की वाटतं, हे यंत्र इथे खरं तर फार आधीच पोचायला हवं होतं.

सगळ्यात धोक्याची जागा: दार

आता या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. मोठ्या एक्सकॅव्हेटरचं बकेट ऑपरेटरपासून कितीतरी मीटर लांब असतं. या छोट्या यंत्रात उचलणारे दोन आर्म ऑपरेटरच्या दोन्ही कानांजवळून वर-खाली जातात, आणि बहुतेक मॉडेलांत आत जायचं दार पुढे असतं. म्हणजे बकेटवरूनच चढायचं आणि उतरायचं. आर्म वर असताना कुणी खाली वाकून बाहेर पडू पाहिलं आणि त्याचा पाय किंवा कोपर लिव्हरला लागलं, तर आर्म सरळ खाली येतो. आकाराने खेळण्यासारखं दिसतं म्हणून माणूस गाफील राहतो आणि तिथेच घात होतो. अमेरिकेच्या ‘नायॉश’ या कामगार-सुरक्षा संशोधन संस्थेने १९९८मध्ये याच यंत्राबद्दल खास इशारा काढला होता. त्यात ठळक दोन कारणं होती: बकेट किंवा आर्म आणि सांगाडा यांच्यात माणूस चिरडणं, आणि यंत्र पलटी होणं.

यंत्र बनवणाऱ्यांनी म्हणून एक सुंदर युक्ती केली. मांडीवर येणारा आडवा दांडा खाली घेतल्याशिवाय आर्म हलतच नाही. सीटवरून उठलं की हायड्रॉलिक बंद. ही यंत्रणा रोज सकाळी तपासायला मिनिटही लागत नाही: बकेट जमिनीवर, दांडा वर करायचा आणि लिव्हर हलवून पाहायचं. आर्म जराही हलला, तर यंत्र त्या दिवशी कामाला नाही. सीटखालच्या स्विचला तार बांधून ‘बायपास’ केलेलं यंत्र मला कुठेही दिसलं, की पोटात गोळा येतो. दहा सेकंद वाचवायला कुणीतरी आपल्या मित्राच्या जिवाचं कुलूप काढून ठेवलेलं असतं.

आर्म वर ठेवूनच दुरुस्ती करावी लागली तर? त्यासाठी कंपनीचा खास आधार असतो. तो जॅकच्या दांड्यावर किंवा आर्मखाली बसवायचा. लाकडी ओंडका किंवा ‘तू जरा लिव्हर धरून बस’ हा त्याला पर्याय नाही. आणि पुढच्या दाराचाच धोका टाळायचा, तर दोन आर्मऐवजी एकच आर्म आणि बाजूला दार, अशीही रचना आहे. ती जेसीबीने केली.

अर्धं वजन, उलटा चढ

लोडरच्या पाटीवर समजा ७०० किलो क्षमता लिहिली आहे. चाकांच्या लोडरची ही क्षमता म्हणजे, ज्या वजनाला तो पुढे कलंडेल त्याचं जास्तीत जास्त निम्मं. म्हणजे १४०० किलोला तो नाक टेकणार. पट्ट्यांच्या लोडरला हेच प्रमाण ३५ टक्के. ‘अजून उचलतोय की!’ म्हणून कडेपर्यंत भरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, कारण उचलणं आणि उचलून वळणं यांत मोठा फरक आहे.

शिवाय बकेट तेच असलं तरी माल बदलतो. लेथवरचा गुंतवळ्यासारखा लांब कीस बकेटभर घेतला तरी हलका. फोर्जिंगचे तुकडे तेवढ्याच बकेटात घेतले, तर मागची चाकं उचलली जातात. ओली वाळू घनमीटरला दोन टनांच्या आसपास भरते, हेही पावसाळ्यात विसरू नये.

आता डोक्याला चालना देणारी गंमत. रिकाम्या लोडरचं साधारण ७० टक्के वजन मागच्या चाकांवर असतं, कारण इंजिन मागे. बकेट भरलं की पारडं उलटतं आणि ७० टक्के पुढे येतं. नियम एकच: जड बाजू चढाकडे. त्यामुळे भरलेला लोडर चढावर सरळ चढतो, पण रिकामा लोडर रिव्हर्समध्ये चढवायचा! रिकामं यंत्र टेम्पोवर किंवा ट्रॉलीवर चढवताना ते पाठमोरं नेतात, ते याच कारणाने. हौशी माणूस तोंड वर करून चढवतो, मग रॅम्पवर पुढची चाकं अधांतरी होतात. भरलेल्या बकेटाने जाताना ते जमिनीलगत ठेवायचं आणि चढावर आडवं वळायचं नाही. अंबडच्या आसपास जिथे अजून काळी माती उघडी आहे, तिथे पहिल्या पावसानंतर हे दुप्पट खरं. ही माती पाणी पिऊन फुगते आणि चाकांना लोण्यासारखी चिकटते.

टाचणीएवढं भोक

हे मी जरा सविस्तर सांगतो, कारण यात बोटं जातात. लोडरच्या होज पाइपमध्ये तेलाचा दाब २०० बारच्या घरात असतो. आपल्या मोटारीच्या टायरमध्ये असतो जेमतेम दोन बार. त्याच्या शंभरपट! पाइपला टाचणीएवढं भोक पडलं, तर तिथून निघणारी फवाऱ्याची रेघ कधीकधी डोळ्यांना दिसतही नाही. नुसता पाइप ओला वाटतो. मग माणूस काय करतो? गळती कुठे आहे ते हाताने चाचपतो. तेल हातमोज्यातून आणि कातडीतून सरळ आत घुसतं.

खरा फसवेपणा पुढे आहे. बोटावर फक्त बारीक टोचल्याची खूण दिसते, सुरुवातीला फारसं दुखतही नाही. माणूस फडकं बांधून पुन्हा कामाला लागतो. आत मात्र तेल स्नायूंच्या आवरणांतून पसरत असतं. काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही, तर बोट गमावण्याची वेळ येते. डॉक्टरांना ‘टोचलं’ एवढंच न सांगता ‘दाबाचं हायड्रॉलिक तेल आत गेलंय’ असं स्पष्ट सांगायचं. गळती शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा पुरतो. तो लांबून धरून पाइपजवळून फिरवायचा, तेलाचा डाग कुठे उमटतो ते बघायचं. डोळ्यांवर चष्मा हवाच. आणि इंजिन बंद केलं म्हणजे दाब गेला असं नाही. पाइप सोडवण्याआधी लिव्हर दोन्हीकडे हलवून उरलेला दाब काढावा लागतो.

ग्रीस, धूळ आणि खंडेनवमी

खंडेनवमीला अंबडमधली यंत्रं झेंडूच्या माळांनी नटतात. हळद-कुंकू, नारळ, पेढे. मला हा दिवस मनापासून आवडतो, कारण त्या दिवशी यंत्र धुतलं जातं, आणि धुतल्यावरच भेगा, गळती, सैल नट दिसतात. पण पिन-बुशला ग्रीस हवं रोज. निपल आधी फडक्याने पुसायचं, नाहीतर ग्रीसबरोबर वाळूही आत जाते आणि पिनची कानस होते. आतून जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत गन मारायची.

इथे सर्व्हिस किलोमीटरवर नाही, तासांवर चालते. अनेक मॉडेलांत इंजिन ऑइल २५० तासांना बदलतात. दिवसाला आठ तासांची पाळी धरली, तर महिनाभरात ही वेळ येते!

एअर फिल्टरचं मात्र उलटं. थोडा धुळकट फिल्टर नव्यापेक्षा बारीक धूळ अडवतो. सारखा काढून कॉम्प्रेसरच्या हवेने झोडपला, तर कागद फाटतो आणि धूळ थेट इंजिनात. इंडिकेटर सांगेल तेव्हाच बदलायचा. आतला छोटा फिल्टर तर साफ करायचाच नसतो, सरळ नवा घालायचा.

हात बदलणारं यंत्र

१९७०मध्ये ‘बॉब-टॅक’ नावाची झटपट जोडणी आली आणि लोडरचे हात बदलता येऊ लागले. बकेट काढा, फोर्क लावा. फोर्क काढा, खड्डे पाडणारा ऑगर लावा. नंतर झाडू, ब्रेकर, चर खणणारी साखळी. पण जोडल्यावर खाली उतरून दोन्ही बाजूंच्या खुंट्या भोकातून खरंच आरपार गेल्यात का, हे डोळ्यांनी पाहायचं. मग बकेटाचं टोक जमिनीवर दाबून खात्री करायची. एकच खुंटी बसली असेल, तर बकेट वर जाईपर्यंत सगळं ठीक वाटतं.

बकेट माणसांसाठी नाही

जेसीबी कंपनीची सुरुवातीची यंत्रं निळी-लाल होती, पिवळा रंग नंतर आला. आपल्याकडे त्या पिवळ्या रंगाचं जे काही झालं ते कंपनीलाही सुचलं नसतं. नेत्याच्या मिरवणुकीत जेसीबीच्या बकेटातून गुलाल आणि फुलं उधळतात, त्यात कार्यकर्ते उभे राहतात. यात जिवाला घोर आहे. बकेटाला ना कठडा, ना पट्टा. होज फुटला किंवा ऑपरेटरचा हात लिव्हरवरून सटकला, तर वरच्या माणसाला धरायला काही नाही. ट्यूबलाइट बदलायला हेल्परला बकेटात उभं करून वर नेणं, हाही त्यातलाच प्रकार. ४ मार्चला, म्हणजे १९६६मध्ये राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली त्या दिवशी, कारखान्यांत सुरक्षेची शपथ घेतात. शपथेच्या फलकावर ‘बकेट माणसांसाठी नाही’ हे एक वाक्य हक्काने असायला हवं.

आणि तेलच नसेल तर?

जानेवारी २०२२मध्ये लास वेगासच्या प्रदर्शनात बॉबकॅटने ‘टी७एक्स’ हा पट्ट्यांचा, पूर्ण विजेवरचा लोडर दाखवला. त्यात हायड्रॉलिक तेलच नाही! आर्म विजेच्या मोटरी उचलतात. अशा यंत्रात एरवी सगळे मिळून दोनशेहून अधिक लिटर द्रव लागतात, इथे लिटरभर कूलंट. म्हणजे टाचणीएवढ्या भोकाची भीती संपली, बंद शेडमधला डिझेलचा धूरही संपला. आर्म मात्र तितक्याच ताकदीने खाली येतो. त्यामुळे बकेट जमिनीवर, यंत्र बंद आणि मगच सीटवरून उठायचं, हा क्रम त्या यंत्रातही तसाच ठेवावा लागतो.