जुनी सुमो घेताना आधी खालून पाहावी

शहापूरहून मुरबाडकडे निघालेल्या रस्त्यावर किन्हवली लागते. आसपासच्या गावपाड्यांची ही बाजारपेठ. एसटीच्या दोन फेऱ्यांमधील वेळ या पट्ट्यात वर्षानुवर्षे जीपगाड्यांनीच भरून काढला. मुंबई-ठाण्याहून इकडच्या शेतघराकडे ये-जा करणारी कुटुंबेही अशीच दणकट, सामानासकट आठ-नऊ माणसे सामावणारी गाडी शोधतात आणि तो शोध अनेकदा जुन्या टाटा सुमोपाशी येऊन थांबतो. सुमंत मूळगावकर यांच्या नाव-आडनावाच्या पहिल्या अक्षरांवरून नाव लाभलेली ही गाडी 1994 साली आली. 2019 मध्ये तिचे उत्पादन थांबले. त्यामुळे बाजारातील प्रत्येक सुमो आता वापरलेलीच. प्रश्न एवढाच, की ती कोणी आणि कशी वापरली.

रंगरंगोटीला भुलणाऱ्याची फसगत येथे ठरलेली. सुमोची बॉडी स्वतंत्र पोलादी चासीवर बसविलेली असते. पत्रा गंजला तर बदलता येतो. चासी गंजली वा तडकली, तर गाडीत फारसे काही उरत नाही. भातखाचरांच्या या मुलुखात पावसाळ्याचे चार महिने चिखल चासीच्या कप्प्यांत साचतो, ओल धरतो आणि गंज आतून खात जातो. म्हणून गाडी प्रथम गॅरेजच्या खड्ड्यावर घ्यावी. मागील पाटे जेथे चासीला जोडलेले असतात, तेथे हातोडीने हलके ठोकून पाहावे. खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज आला, पापुद्रे गळू लागले, तर पुढची पाहणी करण्याचे कारणच नाही. नव्याने फासलेला जाड काळा रंग आणि वेल्डिंगचे ताजे जोडही संशयास्पदच मानावेत.

पाटे सपाट झालेले असतील किंवा त्यांत जादा पान घातलेले असेल, तर गाडीने क्षमतेपेक्षा अधिक प्रवासी वाहिले असण्याची शक्यता मोठी. पेडलचे रबर गुळगुळीत झालेले असताना मीटर साठ हजार किलोमीटर दाखवीत असेल, तर विश्वास रबरावर ठेवावा.

इंजिन थंड असतानाच सुरू करावे. विक्रेत्याने ते आधीच तापवून ठेवले असल्यास बॉनेटवर हात ठेवताच कळते. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. चालू इंजिनात ऑइलचे झाकण काढल्यावर जोराने वाफारा आला, तर रिंगा झिजल्या आहेत. ऑइलला दुधट रंग आला असेल, तर त्यात पाणी मिसळते आहे. अशी गाडी स्वस्तातही महागच पडते. मुरबाडपुढे माळशेज घाट आहे. ब्रेक दाबताच गाडी एका बाजूला ओढली जाते का, हे मोकळ्या सरळ रस्त्यावर आधीच पाहिलेले बरे. टायरवरील चार अंकांत निर्मितीचा आठवडा व वर्ष असते. 2214 म्हणजे 2014 सालचा बाविसावा आठवडा.

कागदपत्रांचे काम कंटाळवाणे, पण टाळता न येणारे. चासी क्रमांक नोंदणीपुस्तकाशी प्रत्यक्ष ताडावा. खासगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे तपासणीनंतर पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण होते. कर्जाचा बोजा, थकलेली ई-चलने आणि विम्याची मुदत पाहून नमुना 29 व 30 वर सह्या घ्याव्यात. घाई विक्रेत्यालाही असायला हवी. नोंदणी ज्याच्या नावावर, अपघाताची भरपाईही त्याच्याच माथी, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये दिला आहे.