नित्य, शाश्वत, कायम : स्थैर्यवाचक शब्दांचे दोन वर्ग

कोथरूडच्या पश्चिमेकडील चांदणी चौकातील जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ रोजी मध्यरात्रीनंतर स्फोटकांनी पाडण्यात आला, आणि १२ ऑगस्ट २०२३ रोजी तेथील नव्या उड्डाणपुलाचे उद्घाटन झाले. पूल पालटला, रस्त्यांची रचना पालटली. परंतु कोथरूडकर त्या स्थळास पूर्वीप्रमाणेच चांदणी चौक म्हणतो. येथे नेमके काय टिकून राहिले, हा प्रश्न केवळ स्थलनामांपुरता मर्यादित नाही. काळाच्या ओघात एखादी वस्तू 'तीच' राहते असे म्हणण्याचे दोन भिन्न अर्थ संभवतात, आणि मराठीतील स्थैर्यवाचक शब्दांच्या घडणीत हे दोन्ही अर्थ उमटलेले आहेत.

पहिला वर्ग 'उभे राहणे' या कल्पनेवर आधारलेला आहे. स्थिर, स्थावर, स्थायी हे शब्द 'स्था' या धातूपासून सिद्ध झाले. अरबीतून आलेल्या 'कायम' या शब्दाचाही मूळ अर्थ 'उभा असलेला' असाच आहे. दोन भिन्न भाषाकुलांनी मराठीस एकच रूपक पुरवावे, ही गोष्ट लक्षणीय होय. परंतु 'कायम' ज्या अरबी धातूपासून आला, त्याच धातूचा 'मुक्काम' हा शब्द मराठीत वाटसरूच्या एका रात्रीच्या वस्तीसही चालतो. यावरून असे दिसते की, उभे राहण्याच्या कल्पनेत कालमर्यादा अंगभूत नाही. ती व्यवहाराने ठरते.

दुसरा वर्ग पुनरावृत्तीचा. 'शाश्वत' हा शब्द 'शश्वत्' या अव्ययापासून झाला असून त्या अव्ययाचा अर्थ 'पुन्हा पुन्हा', 'सतत' असा आहे. 'नित्य' हा शब्द वार्तिकाप्रमाणे 'नि' यास 'ध्रुव' या अर्थी प्रत्यय लागून सिद्ध होतो. तथापि पतंजलीने महाभाष्याच्या पस्पशाह्निकात त्याचे प्रयोग दोन प्रकारचे असल्याचे दाखविले आहे. आकाशासारख्या अविचल वस्तूंस नित्य म्हणतात. तसेच जो वारंवार हसतो त्यालाही नित्य हसणारा म्हणतात. शिवाय, ज्यातील तत्त्व नष्ट होत नाही तेही नित्यच, अशी पुस्ती पतंजलीने जोडली आहे. पुढील शास्त्रग्रंथांत 'कूटस्थनित्य' व 'प्रवाहनित्य' असा जो भेद आढळतो, त्याचे बीज या विवेचनात आहे. मराठीतील 'नित्यनेम' हा शब्द दुसऱ्या अर्थाचाच आहे. नंदादीप अखंड तेवतो तो तेल आणि वात वेळोवेळी बदलली जाते म्हणूनच.

सनातन, चिरंतन, पुरातन या शब्दांतील 'तन' हा अंश 'अद्यतन' या शब्दातही आहे. तो केवळ काळाशी संबंध दर्शवितो. न बदलण्याची ग्वाही देत नाही. सनातन म्हणजे अपरिवर्तनीय हा अर्थ प्रत्ययातून निघत नाही, तो रूढीने आलेला आहे.

हा भेद केवळ वैयाकरणांच्या कुतूहलाचा विषय नव्हे. पुणे महानगरपालिकेच्या स्थायी समितीची सदस्यसंख्या कायद्याने १६ ठरविली असून त्यांपैकी निम्मे सदस्य दरवर्षी निवृत्त व्हावेत अशी तरतूद आहे. नाव 'स्थायी', परंतु रचना प्रवाहनित्य. याच्या उलट उदाहरण शिक्षणक्षेत्रातील आहे. महाराष्ट्र शासनाने २००१ मध्ये नव्या शाळांना 'कायम विनाअनुदानित' तत्त्वावर मान्यता देण्याचे धोरण स्वीकारले, आणि २००९ मध्ये प्राथमिक व माध्यमिक शाळांपुरता त्यातील 'कायम' हा शब्द वगळला. एका विशेषणावर शिक्षकांच्या वेतनाची आशा अवलंबून होती. शब्द शासनाचाच, आणि तो आठ वर्षांत मागे घेतला गेला. 'कायम' आणि 'मुक्काम' यांचे नाते येथे पुन्हा प्रत्ययास आले.

पारिभाषिक शब्दांची निवड करताना हे विशेष ध्यानात घ्यावयास हवे. पर्यावरण व विकास यांविषयीच्या जागतिक आयोगाने १९८७ मध्ये रूढ केलेल्या आणि २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या १७ ध्येयांनी सर्वत्र नेलेल्या संकल्पनेस मराठीत 'शाश्वत विकास' म्हणतात. विकास म्हणजे बदल, आणि शाश्वत म्हणजे न बदलणारे. तेव्हा ही शब्दयोजना वदतोव्याघाताची, असा आक्षेप घेता येईल. तो पहिल्या वर्गाचा अर्थ दुसऱ्या वर्गातील शब्दावर लादल्याने उद्भवतो. उपसा झाला तरी ज्या विहिरीचे पाणी दरवर्षी पुन्हा भरते, ती 'शश्वत्' या अर्थाने शाश्वतच होय. तिचे पाणी मात्र दरवर्षी नवे असते. कोशकारांनी या शब्दांपुढे केवळ 'न बदलणारा' असा एकच अर्थ न देता, अविचल राहणे आणि पुनःपुन्हा घडून टिकणे हे दोन्ही अर्थ स्वतंत्रपणे नोंदविणे म्हणूनच इष्ट ठरेल.