‘मेमरीज’: गोष्टी तीन, दुखणं एकच

१९९५ च्या ‘मेमरीज’ या जपानी ॲनिमेशनपटाबद्दल ठरलेलं मत असं: पहिली गोष्ट ‘मॅग्नेटिक रोझ’ अफलातून, बाकी दोन नुसती भरती. हे पटत नाही. दिग्दर्शक तीन असले तरी तिन्हींमागे कात्सुहिरो ओतोमो आहे, आणि तिन्हींत माणसं स्वतःच उभारलेल्या यंत्रणेत अडकतात. पहिलीत मेलेल्या ऑपेरा गायिकेच्या आठवणी यंत्रं जिवंत ठेवतात आणि मदतीला आलेल्यांनाच गिळू पाहतात.

‘स्टिंक बॉम्ब’मधला तानाका सर्दीची गोळी समजून प्रयोगातलं औषध गिळतो. त्याच्या अंगाच्या वासानं माणसं पटापट कोसळतात आणि हा साहेबांच्या हुकमाबरहुकूम टोकियोकडे निघतो. हा निव्वळ विनोद, असं म्हणतात. पण लष्कर तुटून पडलं तरी गडी सोपवलेलं काम सोडत नाही. हसू येतं ते त्या आज्ञाधारकपणाचं. ‘कॅनन फॉडर’मध्ये घराघरावर तोफा आहेत, शत्रू मात्र कुठेच दिसत नाही. कॅमेरा जवळजवळ न तुटता फिरतो, त्यामुळे घर, शाळा, तोफखाना असे वेगळे उरतच नाहीत. गोष्ट पुढे सरकत नाही ही तक्रार खरी; पण त्या शहरात उद्याही तोफच डागायची असते.

तुमचं मत वेगळं असेल तर कारणासकट सांगा.