तुळई नसलेलं घर

घाटघरच्या जुन्या घरांत भिंतीला फारसा मान नाही. कारवीच्या काठ्यांचा कूड, त्यावर शेणामातीचा लेप. पावसाने झोडपून काढला तर पुढच्या वर्षी नवा. छपराचा भार असतो मेढी-खांबांवर, आणि ते खांब दोन्ही अंगांना फाकू नयेत म्हणून आडवी तुळई. जीवधनच्या पायथ्याला, नाणेघाटाच्या तोंडाशी जो पाऊस आडवा येतो, त्यात कूड पडला तरी घर उभं राहतं. तुळई निसटली की छप्पर खांबांना बाहेर ढकलू लागतं. (घाटघर म्हटल्यावर ज्यांना वीजप्रकल्प आठवतो, त्यांचं घाटघर अकोले तालुक्यातलं. हे जुन्नरचं.)

या गावाला आपटाळे-चावंडच्या वाटेने एसटी येते. तीही चाकांवरची एक लांबट खोलीच. पण या खोलीत तुळई घालता येत नाही, कारण माणसांना मधून चालायचं असतं. जुनी बस असो, परदेशातली साठ-सत्तर वर्षांची मोटारहोम असो, की दसऱ्यापासून बुद्धपौर्णिमेपर्यंत नारायणगावच्या तमाशा फडांचं बिऱ्हाड वाहणारा ट्रक असो, त्यांच्या भिंती फाकतात किंवा खाली बसतात त्याचं मूळ बहुतेक वेळा इथेच सापडतं.

बॉडीची रचना तशी साधी. चेसिसवर आडवे बेअरर, बेअररच्या टोकांना उभे पिलर, पिलरच्या डोक्यांवरून गेलेली छताची कमान. ही एक बंद चौकट झाली. अशा चौकटी एकामागे एक उभ्या करायच्या, लांबीच्या पट्ट्यांनी बांधायच्या, वरून पत्रा ठोकायचा. तुळईचं काम इथे कमान आणि पिलर यांच्या कोपऱ्यातल्या सांध्याला करावं लागतं. तो ताठ आहे तोवर भिंत उभी. तिथली रिबिटं सैल झाली किंवा आधारपट्टी तडकली, की छतावरचं ओझं भिंतींना बाहेर लोटतं.

एसटीची पहिली गाडी 1 जून 1948 रोजी पुण्याहून अहमदनगरला गेली, तेव्हा बेडफर्डवर लाकडी बॉडी होती आणि आत काथ्याची आसनं. पुढे अॅल्युमिनियम आलं. टाटा आणि लेलँडच्या चेसिसवर बॉडी बांधण्याचं काम महामंडळाच्या दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा इथल्या मध्यवर्ती कार्यशाळांनी वर्षानुवर्षं केलं. मोठ्या वाहनाची बॉडी मुळापासून बांधण्याची सरकारी शाळाच म्हणावी अशा या जागा. त्यांच्याबद्दल आपल्याकडे फार थोडं लिहिलं गेलं याचं मला नवल वाटतं. अॅल्युमिनियम वजनाला पोलादाच्या साधारण तिसरा हिस्सा, गंजून भोकं पडण्याची भीतीही कमी. पण ताठपणाही तिसराच हिस्सा, आणि उन्हाने फुगणं जवळपास दुप्पट. शिवाय पोलादी बोल्टाशी ओल्या हवेत त्याची संगत जमत नाही. सांध्याभोवती पांढरी भुकटी धरते आणि रिबिटाचं भोक मोठं होत जातं. गेल्या दशकात एसटीने जुन्या चेसिसवर माइल्ड स्टीलची बॉडी चढवायला घेतली. त्यामागचं मुख्य कारण अपघातातली सुरक्षितता होतं, पण सांधे वेल्डिंगचे झाले हा फायदाही लहान नाही.

पाण्याची चाल मात्र लाकूड, पत्रा, पोलाद सगळ्यांना सारखीच छळते. गळतं छताच्या शिवणीतून, ओघळतं पत्र्याच्या आतल्या अंगाने आणि साठतं पिलरच्या पायाशी, जिथे कोणाचं लक्ष जात नाही. अमेरिकेतल्या जुन्या एअरस्ट्रीम गाड्यांत मागच्या टोकाशी प्लायवूडची जमीन अशीच कुजते आणि वरचं चकचकीत कवच खालच्या सांगाड्यापासून सुटं होतं. मागचं टोक सगळीकडेच नाजूक. आपल्या मोटार वाहन नियमांत मागच्या चाकांपलीकडचा भाग दोन आसांमधल्या अंतराच्या 60 टक्क्यांपर्यंत चालतो. म्हणजे बराच मोठा तुकडा अधांतरी. खड्ड्यात सर्वांत जास्त उसळतो तोच, आणि सामानाची डिकीही बहुधा तिथेच.

दुरुस्ती मापापासून सुरू होते, आणि इथे घाई करणारा फसतो. गाडी सपाट जागी घ्यायची, चेसिसखाली घोड्या लावायच्या, आधी चेसिसच वाकलेली नाही ना हे दोरी ताणून बघायचं. मग प्रत्येक पिलरला ओळंबा. जमिनीपाशी रुंदी बरोबर आणि छतापाशी जास्त, तर भिंती फाकल्या आहेत. दोन्ही भिंती एकाच दिशेला कललेल्या असतील, तर चौकट तिरकी झाली आहे. तिथे कर्ण मोजून तिरका ताण द्यावा लागतो. खिडकीची काच एका कोपऱ्यात अडकते, दार खालून घासतं, ही लक्षणं. काच तासून किंवा दाराला रंधा मारून ती झाकणारे पुष्कळ भेटतात.

फाकलेली भिंत आत आणायला दोन्ही बाजूंच्या वरच्या पट्ट्यांमध्ये तारा बांधून त्यांना टर्नबकल लावतात. म्हणजे कामापुरती तुळईच! एकट्या पिलरला कधी ओढायचं नाही, तो वाकेल; लांब फळी लावून ताण वाटून द्यायचा. त्याआधी बाजूच्या पत्र्याची रिबिटं काढायची, नाहीतर पत्रा वाकडेपण धरून ठेवतो किंवा सुरकुततो. थोडं आवळायचं, रात्रभर ठेवायचं, पुन्हा आवळायचं. धातू सोडल्यावर किंचित मागे येतो, म्हणून माप ओलांडून जरासं पुढे न्यायचं. ताण तसाच ठेवून कुजलेला पाया कापायचा, नवा तुकडा जोडायचा, वरच्या कोपऱ्यात त्रिकोणी पट्टी बसवायची. लाकडी सांगाडा असेल तर निरोगी लाकडापर्यंत मागे जाऊन लांब तिरका सांधा द्यायचा. पत्रा सर्वांत शेवटी.

जुन्या मोटारहोममध्ये आणखी एक गोम असते. कपाटाची किंवा न्हाणीघराची आडवी भिंत छतापासून जमिनीपर्यंत दोन्ही बाजूंना बांधलेली असते. चौकटीला ती फाकूही देत नाही, कलूही देत नाही. नवा मालक येतो, आत मोकळं वाटावं म्हणून ती काढून टाकतो. वर एसी बसवायला छताची एक कमान कापतो. दोन पावसाळ्यांत खिडक्या गळू लागतात आणि दोष सीलंटवर जातो. महाराष्ट्राने 2021मध्ये कॅरॅव्हान पर्यटनाचं धोरण आणलं. हौसेने गाड्या आतून बदलून घेणाऱ्यांनी आधी छताच्या कमानी कुठून जातात हे पाहिलं तर बरं.

सरकारी गाड्यांची नोंदणी एप्रिल 2023पासून पंधरा वर्षांनी संपते, त्यात परिवहन महामंडळांच्या बसही आल्या. त्यामुळे म्हातारी एसटी सरळ करण्याची वेळ यापुढे क्वचित येईल. खासगी ट्रक, शाळेच्या गाड्या, फडांची वाहनं यांना ती येतच राहणार. काम झाल्यावर अशी गाडी आधी रिकामी, मग भार घालून खराब रस्त्यावर फिरवतात आणि पुन्हा ओळंबे सोडून मापं घेतात. सुरुवातीची मापं लिहून ठेवली नसतील, तर या फेरीचा काही उपयोग नाही.